मॅट्रिक सिस्टर

"बाई घरात असती. हितं मी सिस्टर हाय," असं सिस्टरनी म्हटलं की समोरचा माणूस, मग तो कितीही मोठा बागायतदार असो, एकदा तरी गप्प व्हायचा. बारामतीच्या आमच्या दवाखान्यात येणारे लोक आम्हाला नर्सबाई म्हणत, नुसतं बाई म्हणत आणि घाईत असले की 'ए बाई'. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. सिस्टरना वाटे. एकदा ऊसतोडीत पायावर कोयता बसलेल्या गड्याला घेऊन एक आबा आले. सिस्टरनी गड्याचा पाय धुतला, रक्त थांबवलं, पट्टी बांधली. आबा मागं उभे राहून विचारत होते, "ए बाई, टाका घालावा लागंल का? ए बाई, चालंल का ह्यो?" सिस्टर एका शब्दानं बोलल्या नाहीत. शेवटी कुणीतरी आबांच्या कानात सांगितलं. आबांनी फेटा सारखा केला आणि चाचरत म्हणाले, "शिष्टर, चालंल का ह्यो?" "चालंल," सिस्टर म्हणाल्या, "पर आट दिस खाटंवरनं उठू देऊ नगा."

मॅट्रिक सिस्टर हे नाव आमच्या कंपाउंडर तात्यांनी पाडलेलं. सिस्टरचं खरं नाव अनुसया. मी त्या दवाखान्यात रुजू झाले तेव्हा त्या तिशीच्या आसपास होत्या आणि बाहेरून मॅट्रिकला बसत होत्या. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतचं. त्यांच्या काळी नर्सिंग शिकायला तेवढं पुरत असे. इंजेक्शनच्या पिचकाऱ्या उकळायला ठेवल्या की त्या भांड्यासमोर उभ्या राहून इंग्रजी धडे मोठ्यानं घोकायच्या. बायकांच्या वॉर्डात मोरगावची एक म्हातारी होती. ती रोज त्या वेळी हात जोडून बसायची. मी विचारलं, तर म्हणाली, "शिष्टर मंत्र म्हनत्यात न्हवं का? लई गुनाचा हाय. माजा ताप उतारला."

प्रेमळ म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना आपण त्याला उगाच गोड करून ठेवतो. त्यांची जीभ कडू होती. चादरीचा कोपरा नीट मुडपला नाही तर अख्खा पलंग परत उचकटायला लावायच्या. एकदा एक तान्हं मूल बघून मला भडभडून आलं आणि मी तशीच त्याला उचलायला गेले, तर माझ्या हातावर फटका बसला. "दया देवळात करा. हितं आदी हात धुवा." हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. आम्ही चिडायचो, पाठीमागं नक्कल करायचो. पण आमच्या वॉर्डात बाळंतीण तापानं फणफणली असं सहसा होत नसे, हेही खरं.

त्यांची हकीकत दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक होती. त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत. निमगाव केतकीला दिलेली मुलगी. लग्न झालं तेव्हा त्या शाळेतच होत्या. मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, आणि ती आल्यावर सासूनं यांचं गाठोडं बांधून भावाच्या दारात ठेवलं. भावाच्या बायकोला ही आणखी एक खाणारी नको होती. एका डॉक्टरीणबाईंनी आधी वॉर्डात आया म्हणून घेतलं आणि मग शिकायला पाठवलं. "मला नवऱ्यानं टाकलं न्हाय," एवढंच एकदा त्या म्हणाल्याचं मला आठवतं. "टाकतात ती वस्तू. मी चालत आले."

मॅट्रिकला त्या इंग्रजीत आधी गचकल्या, मग भूमितीत गचकल्या आणि मग पास झाल्या. शाळकरी पोरांच्या बाकावर पांढऱ्या लुगड्यातली ही बाई बसलेली बघून पोरं हसायची, असं तात्यांनीच बघून येऊन सांगितलं होतं. निकाल लागला त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना पेरू वाटले. तात्या म्हणाले, "आता काय, कलेक्टर व्हायाचं का?"

"न्हाय तात्या," त्या म्हणाल्या, "मास्तरीन व्हायाचं. नर्सा शिकवनार."

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यामागं काय होतं ते मला ठाऊक होतं, कारण ते घडलं त्या दिवशी मी तिथं होते. आदल्या उन्हाळ्यात जुलाब-वांतीची साथ आली होती. कालव्याच्या काठच्या वस्त्यांमधून बैलगाड्या भरून माणसं येत होती. आम्ही दोघी नर्सा आणि डॉक्टर एकटे. भर दुपारी एक अडलेली बाई आली आणि सिस्टरना तिच्याजवळ जावं लागलं. मी पुरुषांच्या बाजूला सलाईन धरून उभी. व्हरांड्यात एक पाचसहा वर्षांची मुलगी आईच्या मांडीवर पडली होती. तिला दर थोड्या वेळानं घोट घोट पाणी पाजायचं होतं. आईला ते सांगायला, जवळ बसून करून घ्यायला कुणी नव्हतं. घाबरलेल्या आईनं पाणी बंदच केलं. उलटी होते म्हणून. सिस्टर बाळंतपण उरकून आल्या तेव्हा पोर गार पडत चालली होती. "आवशीद नव्हतं असं न्हाय," त्या मला नंतर म्हणाल्या. "डागदर नव्हता असं बी न्हाय. हात कमी पडले. हितल्या पोरी हितंच शिकवल्या, तर धा हात व्हतील."

नर्सा शिकवायच्या तर शिकवणारीला पदवी हवी, हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलं. पदवीचं शिक्षण तेव्हा दूर दिल्लीकडं, एका कॉलेजात मिळायचं. अनुभवी नर्सांसाठी दोन वर्षांचा वेगळा अभ्यासक्रम होता. डॉक्टर मनानं चांगले होते. त्यांनी माहिती मागवली आणि आपल्या खोलीत बसून आम्हाला मराठीतून समजावून सांगितली. मॅट्रिक हवी, ती होती. नर्सिंग आणि सुईणपणाचं रजिस्ट्रेशन हवं, ते होतं. नोकरीचा अनुभव हवा, तो मागितल्यापेक्षा जास्त होता. वयाला अजून अवकाश होता. मग शेवटची अट. उमेदवार अविवाहित किंवा विधवा हवी. विवाहित असेल तर नवऱ्याची लेखी संमती हवी.

"मला नवरा हाय कुठं?" सिस्टर म्हणाल्या.

"कायद्यानं आहे ना, सिस्टर," डॉक्टर खाली बघत म्हणाले. "नियम आहे. मी काय करू?"

तिसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "कुसुम, निमगावला चल. एकटी गेले तर लोक म्हनतील नांदायला आली." आम्ही एसटीनं गेलो. बाजारचा दिवस होता. भाजीच्या पाट्या आणि कोंबड्या ओलांडत आम्ही गावाबाहेरच्या पानमळ्यात पोचलो. नवरा वेलींना पाणी देत होता. मी मनात एक राक्षस धरून गेले होते. निघाला हसऱ्या तोंडाचा, बोलायला मऊ, दम्यानं धापा टाकणारा माणूस. त्यानं आम्हाला घोंगडं अंथरून दिलं, दुसऱ्या बायकोला चहा टाकायला सांगितलं. सिस्टरनी काम सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं.

"शिक की," तो म्हणाला. "मी कशाला आडवू? पर सही न्हाय करनार."

"का?"

"सही केली म्हंजे तू माजी बायकू हायस असं मी लिवून दिल्यावानी झालं. उद्या तू पोटगी मागशील, रानात वाटा मागशील."

"मला तुमचं रान नगं. तसं लिवून देते."

"लिवून दिल्यालं बी फिरतं," तो तितक्याच मऊपणे म्हणाला. "च्या घे."

तेवढ्यात घरातून हाक आली. सासूला अर्धांगवायू झाला होता. सिस्टर आत गेल्या, मी मागोमाग. म्हातारी एका कुशीवर पडून होती आणि पाठीला जखम होऊन वास सुटला होता. सिस्टरनी पदर खोचला. पाणी तापवायला लावलं, म्हातारीला वळवलं, जखम धुतली, धुवट धोतराच्या घड्या करून अंगाखाली दिल्या. सवतीला शेजारी बसवून सगळं दाखवलं, तिच्याकडून करून घेतलं आणि कुशी रोज किती वेळा बदलायची तेही तिच्याकडून म्हणवून घेतलं. म्हातारी एका बाजूनं वाकडं झालेल्या तोंडानं "सूनबाय, सूनबाय" म्हणत रडायला लागली. सिस्टर म्हणाल्या, "रडू नगा, छाती भरंल." त्या आवाजात राग नव्हता आणि माया तर अजिबात नव्हती. बाहेर येऊन त्यांनी हात धुतले आणि नवऱ्याला परत विचारलं, "सही?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. आमच्याबरोबर विड्याच्या पानांचा एक जुडगा मात्र बांधून दिला. एसटीत बसल्यावर तो सिस्टरनी शेजारच्या बाईला देऊन टाकला.

मग फारकत, म्हणजे संमतीचा प्रश्नच राहणार नाही. गावच्या पंचांची फारकत कॉलेजला चालणार नव्हती, कोर्टाचीच हवी होती. नवऱ्यानं दुसरी बायको केलेली, तेव्हा दावा सरळ आहे, असं वकील म्हणाले. पण नवऱ्याला पोटगीची धास्ती, त्यानंही वकील दिला आणि तारखा सुरू झाल्या. सिस्टर तारखेला रजा टाकून पहाटे पुण्याला जायच्या, संध्याकाळी परत यायच्या आणि कामाला लागायच्या. एका तारखेला समोरच्या वकिलानं त्यांना विचारलं, की परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावणं हा तुमचा रोजचा धंदा आहे की नाही? त्या म्हणाल्या, "व्हय. तुमी आजारी पडला तर तुमच्या बी अंगाला लावीन." कोर्टात हशा झाला म्हणे. पण ते वाक्य कोर्टात राहिलं नाही. पार बारामतीपर्यंत आलं आणि येताना त्यातला दुसरा भाग गळून पडला. ज्या घरांतून त्यांना बाळंतपणाला बोलावणं यायचं, त्यातली काही घरं बंद झाली. हळदीकुंकवाला तर आधीही कुणी बोलवत नव्हतं. तात्यांनी टिंगल थांबवली, हे मला जास्त लागलं. कीव करण्यासारखं काहीतरी झालंय, हे त्यांनाही कळलं होतं.

निकाल त्यांच्या बाजूनं लागला. वयाची अट संपायला थोडंच उरलं होतं. त्यांनी अर्ज केला आणि मलाही करायला लावला. मी पुण्याला शिकलेली, मॅट्रिक आधीच झालेली, लग्न व्हायचं होतं. "तू बी चल. तितं इंग्रजी अडलं तर तू सांग, काम अडलं तर मी सांगीन." दोघींना पुण्याला मुलाखतीचं बोलावणं आलं. एसटीत त्या सबंध वाट इंग्रजीत उत्तरं म्हणत होत्या. मी आपलं खिडकीबाहेर बघत होते.

आधी त्यांना आत बोलावलं. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या, बाकावर माझ्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "जा. घाबरू नगंस. बरी मानसं हाईत." माझी मुलाखत चांगली झाली. काय झालं ते त्यांनी मला परतीच्या एसटीत सांगितलं, तेही मी दोनतीनदा विचारल्यावर.

कामाबद्दल विचारलं, ते सगळं आलं. इंग्रजी अडखळलं पण निभावलं. मग मुलाखत घेणाऱ्या मंडळातल्या एका बाईंनी कोर्टाचा निकाल वाचला. त्या बाई सभ्य होत्या, हळू बोलत होत्या. म्हणाल्या, "तुमची अडचण अशी आहे, की नियमात अविवाहित आहे, विधवा आहे, नवऱ्याच्या संमतीनं आलेली विवाहित आहे. घटस्फोट झालेल्या बाईचा उल्लेखच नाही."

सिस्टरनी विचारलं, "म्हंजे नवरा मेला असता तर चाललं असतं?"

बाई म्हणाल्या, "हो. तसं चाललं असतं."

"आन सोडला तर न्हाय?"

शेजारचे गृहस्थ म्हणाले की वसतिगृहात तरुण मुली असतात, त्यांच्या आईवडिलांचाही विचार करावा लागतो. त्या सभ्य बाई म्हणाल्या, आम्ही वर लिहून विचारू. सिस्टर उठल्या.

"काय म्हणालात उठताना?" मी विचारलं.

"मी म्हनाले, मग चूक झाली. त्येला दमा हाय, थांबायला पायजे व्हतं." एवढं सांगून त्या हसल्या. मोठ्यानं. पुढच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला. मग त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, तो बारामती येईपर्यंत काढला नाही.

माझी निवड झाली. वडिलांची संमती मला एका जेवणाच्या वेळी मिळाली, त्यांनी भाकरीचा घास मोडता मोडता हो म्हटलं. सिस्टरचं उत्तर वरून आलंच नाही. पुढं मुदत गेली, वयही गेलं. मी निघाले त्या दिवशी दवाखान्यातली सगळी मंडळी स्टँडवर आली होती. सिस्टर आल्या नाहीत, त्यांची कामाची पाळी होती. स्टँडवर जाण्याआधी मी निरोप घ्यायला वॉर्डात गेले, तर त्या एका म्हातारीचं अंग पुसत होत्या. मी वाकले. त्या म्हणाल्या, "हात वल्ले हाईत. जा, गाडी चुकंल."

पहिल्या सुट्टीत घरी आले तेव्हा कळलं, की त्यांनी दवाखाना सोडला. डॉक्टर म्हणाले, "मी फार समजावलं. म्हणाल्या, हितं आता मन न्हाय." त्या पळसदेवला गेल्या होत्या, भीमेच्या काठाला. तिथं एका खोलीत बाळंतपणं करत होत्या. मी भेटायला गेले. नदीच्या वाळूत कलिंगडाच्या वाड्या पिकल्या होत्या. सिस्टर ओसरीवर दोनतीन पोरींना समोर बसवून नखं कापायला शिकवत होत्या. मला बघून एकीला म्हणाल्या, "पानी आन." मी त्यांच्यासाठी दोन पुस्तकं नेली होती, सोप्या इंग्रजीतली. आणि बोलायला किती होतं माझ्याकडं! तिथलं रुग्णालय, तिथले वर्ग, तिथं कसं शिकवतात. मी सुरुवात केली.

"सांगू नगंस," त्या म्हणाल्या.

"सिस्टर, तुम्हाला उपयोग होईल म्हणून..."

"मला तितलं काय बी ऐकायचं न्हाय, कुसुम. तुजा दोस न्हाय. पर मला ऐकवत न्हाय." पुस्तकं त्यांनी माझ्या पिशवीत परत ठेवली, अगदी नीट, कोपरे दुमडू न देता. मग जेवायला वाढलं. नदीची मासळी होती, भाकरी होती. आम्ही पावसाबद्दल आणि वांग्याच्या भावाबद्दल बोललो. मी पुन्हा गेले नाही. त्यांनी पुन्हा ये म्हटलं नव्हतं.

पदवी घेऊन मी परत आले. बारामतीला नर्सिंगची शाळा काही निघाली नाही. मला पुण्याच्या एका शाळेत शिकवायला नेमलं. प्रवेशाच्या मुलाखतींना टेबलाच्या पलीकडं मी बसू लागले. आता सातवीवर कुणाला घेत नव्हते. मॅट्रिक हवी, असा नियम झाला होता. दुसऱ्याच वर्षी एक मुलगी आली. काटक, हातावर जुना भाजल्याचा डाग, पायात काही नाही. सातवी पास. नियमानं ती आत येण्याआधीच परत जायला हवी होती, शिपायाच्या नजरेतून सुटली होती.

"कुठली गं?"

"पळसदेवची."

मी तिला बसवून घेतलं. "कुणाजवळ शिकलीस?"

"सिस्टरजवळ."

बाळंतिणीच्या खोलीची तयारी कशी करायची, असं मी विचारलं. तिनं सांगितलं, आणि त्या सांगण्यात मला प्रत्येक शब्दामागचा आवाज ऐकू येत होता. माझ्या शेजारच्या डॉक्टरीणबाईंनीही मान डोलावली. पण मॅट्रिक नव्हती. मी म्हटलं, "तू मॅट्रिक हो आणि परत ये. मी इथंच आहे."

"सिस्टर म्हनल्या व्हत्या," ती शांतपणे म्हणाली, "तितं कुसुमबाई असतील तर त्या बी असंच म्हनतील."

मी विचारलं, "त्या कशा आहेत?"

"न्हाईत. आखाडात गेल्या. नदीला पूर व्हता, पल्याडच्या गावची बाळंतीन अडली म्हनून नावंतनं गेल्या. भिजल्या. ताप आला, तो उतारलाच न्हाय. डागदरकडं न्ह्यायला कुनी नव्हतं."

बाहेर पुढच्या मुली ताटकळत होत्या. शिपाई दारातून डोकावून गेला. मला त्या पोरीला असं सोडवेना. मी विचारलं, "माझ्याबद्दल आणखी काही म्हणाल्या होत्या?"

"व्हय. म्हनल्या, न्हाय घेतलं तर तिच्यावर राग धरू नगंस. धरायचा तर शिकून धर. आडान्याच्या रागाला कोन इचारतंय?"

ती उठली, पिशवी उचलली आणि नमस्कार न करता गेली. पुढं दर वर्षी मुलाखतींच्या दिवसांत इंदापूर तालुक्यातलं, पळसदेवकडचं नाव पुकारलं गेलं की मी दाराकडं बघायचे. ती पोर पुन्हा आली नाही.